‘ज्याच्या रक्तात असतं, त्यालाच होतं’ : एक प्रतिवाद

‘एमडीनं कुणी वेडा होत नाही. ज्याच्या रक्तातच असतं, त्यालाच होतं.’ मुंबई-पुण्यात आणि आता नाशिक, सोलापूरसारख्या शहरांतही हे वाक्य सर्रास कानावर येतं. विकणारा ते बोलतो, घेणारा बोलतो, घेणाऱ्याचे दोस्त तर हटकून बोलतात. ज्यांचं पोर संशयानं पछाडून खोलीचं दार उघडेनासं झालं आहे, त्या आईबापांना नातेवाईक हेच ऐकवतात. हल्ली त्याला विज्ञानाची झालरही लागली आहे : ‘हे जेनेटिक असतं, संशोधनात सिद्ध झालंय.’ हे वाक्य निखालस खोटं असतं तर खोडायला दोन ओळी पुरल्या असत्या. पण त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आडून फार मोठं खोटं खपवलं जातं. त्याची किंमत पोरं आणि त्यांची घरं मोजतात. म्हणून ते सविस्तर खोडून काढायला हवं.

आधी कशाबद्दल बोलतो आहोत ते. एमडी म्हणजे मेफेड्रोन, मुंबईत एके काळी ‘म्याव म्याव’ म्हणून पुड्यांतून विकली जाणारी पावडर. मेथॅम्फेटामिन, ॲम्फेटामिन, कोकेन यांच्याच जातकुळीची ही उत्तेजक नशा. या सगळ्या पदार्थांनी मेंदूतलं डोपामिन एकदम उसळतं. झोप उडते, भूक मरते, आपण जगाला पुरून उरू असं वाटू लागतं. मात्रा वाढली, दोन-तीन रात्री सलग जागरण झालं, की चित्र पालटतं. कुणीतरी पाठलाग करतंय, पंख्यात कॅमेरा बसवलाय, बायको पोलिसांना मिळालेली आहे, मोबाइलवरून आपलं बोलणं ऐकलं जातंय. काहींना कातडीखाली किडे वळवळताना जाणवतात, काहींना आवाज ऐकू येतात. या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. ती स्किझोफ्रेनियाशी इतकी मिळतीजुळती असते, की त्या रात्री अनुभवी मानसोपचारतज्ज्ञालाही दोन्हींतला फरक ठामपणे सांगता येत नाही. नशा थांबली की बहुतेकांची ही अवस्था काही दिवसांत किंवा थोड्या आठवड्यांत ओसरते. काहींची ओसरत नाही.

तीच पावडर घेणाऱ्या दहा जणांत दोघांनाच हे का होतं, हा प्रश्न रास्त आहे आणि शास्त्रज्ञांनी तो टाळलेला नाही. तैवानमधल्या चेन यांच्या गटानं २००५ मध्ये मेथॅम्फेटामिन घेणाऱ्यांच्या नातेवाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना नशेतून सायकोसिस झाला होता, त्यांच्या नातेवाइकांत स्किझोफ्रेनियाची जोखीम सायकोसिस न झालेल्यांच्या नातेवाइकांपेक्षा सुमारे पाच पट निघाली. जपानमध्ये इकेदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अशा २३६ रुग्णांचा संपूर्ण जनुकीय नकाशा तपासला. या रुग्णांत जास्त आढळणारी जनुकीय रूपं स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतही जास्त आढळली. म्हणजे दोन आजारांची जनुकीय पार्श्वभूमी काही प्रमाणात सामायिक आहे. हे मी मान्य करतो, आणि जे नाकारतात त्यांनीही मान्य करावं.

पण इथून पुढे हे लोक जी उडी मारतात, तिला कुठलाच आधार नाही. त्यांचं म्हणणं असं, की बार आधीच ठासून भरलेला होता, एमडीनं फक्त बत्ती दिली. या प्रतिमेत नशा किरकोळ ठरते आणि माणूस मुळातच सदोष ठरतो. या दाव्याची कसोटी सोपी आहे. माणूस तोच ठेवायचा, जनुकं तीच ठेवायची, आणि फक्त नशेची मात्रा बदलून काय होतं ते पाहायचं. अशी पाहणी झालेली आहे.

ऑस्ट्रेलियात रेबेका मॅकेटिन आणि सहकाऱ्यांनी सिडनी आणि ब्रिस्बेनमधल्या २७८ मेथॅम्फेटामिन घेणाऱ्यांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना आधीपासून स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचा आजार होता, त्यांना या हिशोबातून बाजूला ठेवलं होतं. या अभ्यासाचं मर्म असं, की त्यात एका माणसाची तुलना दुसऱ्याशी केलेली नाही. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली : नशा केलेला महिना विरुद्ध न केलेला महिना. आईबाप तेच, बालपण तेच, डीएनए अक्षरन् अक्षर तोच. नशेपासून दूर असलेल्या महिन्यात सायकोसिसची लक्षणं दिसण्याचं प्रमाण ७ टक्के होतं. ज्या महिन्यात १६ किंवा त्याहून अधिक दिवस नशा झाली, त्या महिन्यात तेच प्रमाण ४८ टक्क्यांवर गेलं. जोडीला गांजा किंवा दारू भरपूर असली की आणखी वर. सात आणि अठ्ठेचाळीस यांच्यामधलं अंतर जनुकांनी पाडलेलं असूच शकत नाही, कारण जनुकं दोन्हीकडे एकच होती.

याहून जुना पुरावाही आहे. नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारासाठी ॲम्फेटामिन घेणाऱ्यांत सायकोसिस होतो, अशी नोंद १९३८ मध्येच झाली होती. तेव्हाही ‘यांच्यात मुळात दडलेला आजार असणार’ अशीच समजूत काढली गेली. १९५८ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातले फिलिप कॉनेल यांनी ४२ रुग्णांचं बारकाईनं वर्णन करणारा प्रबंध छापला. शुद्ध हरपलेली नाही, नशेची झिंग नाही, तरी हुबेहूब स्किझोफ्रेनियासारखा संशय. आणि औषध शरीरातून बाहेर पडलं की बहुतेक जण पूर्ववत. पुढे अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात जॉन ग्रिफिथ यांनी मोजक्या स्वयंसेवकांना, आधी कधी स्किझोफ्रेनिया झालेला नाही याची खात्री करून, तासातासानं डेक्स्ट्रोॲम्फेटामिन दिलं. काही दिवसांतच त्यांच्यात संशयी भ्रम उभे राहिले. असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून जे कळलं ते विसरून चालणार नाही. पुरेशी मात्रा, पुरेसे दिवस आणि हिरावलेली झोप एवढं जमलं, की आधी धडधाकट दिसणारा माणूसही या टोकाला जातो. कुणी लवकर, कुणी उशिरा. जनुकांचा वाटा या लवकर-उशिरात आहे.

आता एका माणसावरून एका देशाकडे येतो. मेथॅम्फेटामिन पहिल्यांदा तयार केलं ते जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी, १८९३ मध्ये. १९४१ पासून तिथे ते ‘हिरोपॉन’ नावानं औषधाच्या दुकानात मिळू लागलं : थकवा घालवणारं, कामाचा उत्साह वाढवणारं म्हणून. युद्धात सैनिकांना आणि कारखान्यांतल्या मजुरांना ते पुरवलं गेलं. युद्ध हरल्यावर साठे बाजारात आले आणि भुकेल्या, बेघर, उद्ध्वस्त शहरांत ते सुयांवाटे पसरलं. नशेनं सायकोसिस झालेल्यांची संख्या इतकी वाढली, की १९५६ मध्ये जपानी मानसोपचारतज्ज्ञांनी या एकाच आजारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९५१ मध्ये कायदा झाला, १९५४ मध्ये तो कडक झाला. त्या १९५४ मध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. १९५८ पर्यंत अटकांचा वार्षिक आकडा हजाराच्या बराच खाली आला होता. या सतरा वर्षांत जपानी माणसाची जनुकं बदलली नव्हती. पावडर आली, पसरली, आणि तिचा पुरवठा तोडला गेला. ‘रक्तात असतं’ म्हणणाऱ्यांनी हा चढउतार रक्तातून समजावून दाखवावा.

महाराष्ट्राला हे लागू नाही असं कुणी म्हणू नये. मेफेड्रोन अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आलं २०१५ च्या फेब्रुवारीत. त्याआधी ते स्वस्तात मिळत होतं आणि पकडलं तरी कलम लावायचं कुठलं, असा प्रश्न पोलिसांपुढे असे. मुंबईच्या कॉलेजांत ते शिरलं ते याच खिंडारातून. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांच्या कारवाईत दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याचा माग लागला, आणि त्या एका प्रकरणात हजार किलोहून अधिक मेफेड्रोन हाती आलं. हजार किलो माल ज्या राज्यात एका प्रकरणात सापडतो, तिथे एखाद्या घराच्या रक्तात काय आहे ते शोधत बसणं म्हणजे आगीचं मूळ सोडून धुराच्या मागे धावणं आहे.

‘रक्तात असतं’ या वाक्यात आणखी एक गोष्ट पूर्ण लपते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रवणता जन्माबरोबर येते आणि तेवढीच राहते, असं हे लोक गृहीत धरतात. जपानी डॉक्टरांनी हिरोपॉनच्या रुग्णांत, आणि नंतरच्या दशकांतही, वेगळंच पाहिलं. एकदा सायकोसिस होऊन बरा झालेला माणूस पुष्कळ काळ नशेपासून दूर राहतो. मग एखाद्या दिवशी थोडीशीच घेतो, पहिल्या वेळच्या मानानं अगदी किरकोळ, आणि तो संशय, ते आवाज जसेच्या तसे परत येतात. कधी तर नुसत्या ताणानं किंवा जागरणानं येतात. मेंदू त्या पदार्थाला संवेदनशील झालेला असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे : तीच मात्रा ठरावीक काळानं देत राहिलं तर परिणाम घटण्याऐवजी वाढत जातो. म्हणजे सुरुवातीला ज्याच्यात प्रवणता फारशी नव्हती, त्याच्यात नशेनं ती घडवली. त्याच्या आजोबांच्या चुलतभावाची कहाणी उकरून काढण्यापेक्षा त्याच्या गेल्या दोन वर्षांचा हिशोब मांडा.

आता जनुकांच्या चाचण्यांविषयी, कारण त्यांचा धंदा वाढतो आहे. लाळेचा नमुना पाठवा, ‘तुमच्या जनुकांचा अहवाल’ घरपोच मिळतो. एखाद्या तरुणाला वाटतं, चाचणी करून घेऊ, ‘ते’ जनुक नसलं तर पार्टीत घ्यायला हरकत नाही. असं एक जनुक नाही. २००० नंतरच्या दशकात जपानपासून इंग्लंडपर्यंत सीओएमटी, डीटीएनबीपी१, एकेटीवन अशा नावांची जनुकं एकेक करून ‘सापडली’ म्हणून जाहीर झाली. हे अभ्यास बहुधा शंभर-दोनशे रुग्णांचे होते. पुढे प्रचंड नमुने हाती आले तेव्हा यातली बहुतेक नावं टिकली नाहीत. २०२२ मधल्या स्किझोफ्रेनियाच्या सर्वांत मोठ्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण आणि २,४३,६४९ इतर माणसं होती. त्यात जोखमीशी संबंधित २८७ जागा जनुकसंचात निघाल्या. डोपामिनच्या डीआरडी२ या ग्राहीचं जनुक मोठ्या नमुन्यांतही टिकलं, पण त्याचाही एकट्याचा वाटा नगण्यच. अशी सगळी ज्ञात रूपं एकत्र करून काढलेला जोखीम-गुण माणसामाणसांतल्या प्रवणतेच्या फरकापैकी सुमारे ७ टक्केच समजावून सांगतो. तोही युरोपीय वंशाच्या लोकांत. इतरांत त्याहून कमी. भारतीयांचे नमुने या संशोधनात अगदी थोडे आहेत. म्हणजे बारामतीच्या किंवा परळच्या मुलाला असा अहवाल त्याच्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. जो कुणी या अहवालाच्या जोरावर ‘तुम्ही सुरक्षित आहात’ म्हणेल, तो फसवतो आहे.

‘मला तर काही होत नाही, मस्त वाटतं’ हाही असाच एक दाखला दिला जातो. शिकागोतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये चारशेच्या आतल्या निरोगी स्वयंसेवकांना ॲम्फेटामिन देऊन त्यांना किती छान वाटतं ते मोजलं. ज्या जनुकीय रूपांमुळे जास्त छान वाटतं, ती स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत उलट कमी सापडली. अभ्यास छोटा आहे; त्यावर कुणी इमले बांधू नयेत. पण ज्याला मस्त वाटतं त्यानं त्यात सुरक्षितता शोधली, तर तो उघड्या डोळ्यांनी दुसऱ्या खड्ड्याकडे चालला आहे. मस्त वाटणारा माणूसच पुन्हा घेतो, वाढवतो, सलग घेतो. सिडनी-ब्रिस्बेनच्या आकड्यांत महिन्यातले दिवस मोजले होते ते याचसाठी.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हा युक्तिवादही आकड्यांपुढे टिकत नाही. स्किझोफ्रेनिया झालेल्या बहुसंख्य माणसांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो नसतो. आणि ज्या जुळ्यांची जनुकं अगदी एकसारखी असतात, त्यांच्यातही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघतं. स्वीडनमध्ये केंड्लर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नशेतून सायकोसिस झालेल्या ७,६०६ जणांच्या कुटुंबांची आकडेवारी तपासली. त्यांच्या नात्यांत सर्वांत ठळक दिसला तो व्यसनांचा वारसा. सायकोसिसचा वारसा होता, पण त्या मानानं बराच फिका. म्हणजे घराण्यात काही शोधायचंच असेल, तर वेड शोधण्याआधी दारू शोधा.

आणि आता ज्या नुकसानीसाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे. भावाला एमडीमुळे रुग्णालयात न्यावं लागतं. तो महिन्याभरात सावरतो, कामाला लागतो. पण बहिणीचं ठरत आलेलं लग्न मोडतं, कारण मधल्या माणसानं सांगितलेलं असतं : ‘घराण्यातच आहे.’ या दोन शब्दांपुढे एखाद्या मुलीचं शिक्षण, नोकरी, स्वभाव सगळं गळून पडतं. मग पुढच्या वेळी घर काय करतं? लपवतं. मुलाला डॉक्टरकडे नेण्याऐवजी गावी पाठवतं, कुणी भगताकडे नेतं, गोळ्या दोन आठवड्यांत बंद करतं, म्हणजे केसपेपरवर नाव राहायला नको. ‘रक्तात असतं’ हे वाक्य थेट उपचारांवर असा घाव घालतं. ज्यांना हिशोबच हवा आहे त्यांच्यासाठी हिशोब : खरोखरीचा, पक्का स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता शंभरात दहाच्या पुढे जात नाही. म्हणजे शंभरातली नव्वद भावंडं त्या आजाराशिवाय आयुष्य काढतात. आणि नशा सोडून बऱ्या झालेल्या भावाला तर स्किझोफ्रेनिया झालेलाच नाही. त्याच्या बहिणीवर ठपका ठेवायला विज्ञानात जागा नाही. तिला सासरी पाठवू पाहणाऱ्या घरानं नवऱ्या मुलाला त्याच्या शनिवार रात्रींबद्दल विचारावं. जोखमीची माहिती तिथे जास्त मिळेल.

विकणाऱ्याला हे वाक्य का आवडतं, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या मालानं काही होत नाही, झालं तर गिऱ्हाईकच सडकं होतं, असं गिऱ्हाईकाच्या घरच्यांनीच म्हणावं, याहून मोठी सोय त्याला कोण करून देणार? व्यवस्थेलाही हे वाक्य जमतं. पुरवठा, कारखाने, कॉलेजच्या गेटबाहेरची टपरी यांचे प्रश्न मागे पडतात आणि एका कुटुंबाच्या रक्ताची चर्चा पुढे येते.

एक शंका मात्र प्रामाणिक आहे आणि तिचं उत्तर द्यायला हवं. अतिचंचलतेच्या एडीएचडी या विकारासाठी डॉक्टर मुलांना उत्तेजक औषध देतात, मग त्याचं काय? अमेरिकेत २०१९ मध्ये १३ ते २५ वयोगटातल्या अशा रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकोसिस सुमारे ६६० पैकी एकाला झाला. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटवर त्याहूनही कमी जणांना. मोजलेली मात्रा, ठरलेली वेळ, रात्रीची झोप शाबूत आणि समोर विचारपूस करणारा डॉक्टर. तरीही एखाद्याला होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पण ज्या आईनं या भीतीनं मुलाची गोळी परस्पर बंद केली आहे, तिनं आधी डॉक्टरशी बोलावं.

मग घराण्याचा इतिहास विचारूच नये का? जरूर विचारावा. ज्या मुलाच्या आईला किंवा मामाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला तरुणपणीच, शांतपणे सांगावं, की बाबा, ही पावडर आणि गांजा तुझ्यासाठी इतरांपेक्षा जास्त महाग पडू शकतात. डॉक्टरांनीही विचारावं, पण सर्वांत आधी नव्हे. काय घेतलं, किती, किती दिवस सलग, शेवटची झोप कधी, सोबत दारू-गांजा होता का, हे सगळं आधी. घराण्याच्या इतिहासाचा खरा उपयोग नंतर होतो. जगभरच्या अभ्यासांचा २०२० मध्ये झालेला एकत्रित आढावा सांगतो, की नशेतून सायकोसिस झालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाचं निदान पुढे स्किझोफ्रेनिया असं बदलतं. ॲम्फेटामिनच्या बाबतीत सुमारे २२ टक्के, गांजाच्या बाबतीत ३४ टक्के. या लोकांवर जास्त काळ नजर ठेवायला हवी, आणि ते कोण असू शकतील हे ओळखायला घराण्याची माहिती मदत करते. ज्याच्या घरात तसा इतिहास आहे, किंवा नशा सुटून महिना झाला तरी आवाज थांबलेले नाहीत, त्याची औषधं आणि भेटी चालू राहिल्या पाहिजेत. ॲम्फेटामिनवाल्या शंभरांतल्या उरलेल्या अठ्ठ्याहत्तर जणांनाही पुन्हा ती पावडर हाती लागू नये, म्हणून मदत लागतेच.

ती मदत मागायला कायद्यानं वाट ठेवलेली आहे. एनडीपीएस कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, नुसतं सेवन केल्याचा किंवा थोडा माल जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं; उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत, म्हणजे उपचारांचा हक्क त्यांनाही आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन विनाशुल्क आहे. रुग्णालयातून चार-पाच दिवसांत मूल शांत होऊन घरी येतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात; नेमकी तिथेच पुढची भेट हुकते. डिस्चार्जच्या कागदावर पुढची तारीख लिहून मागा, आणि ती भेट, त्यानंतरची भेट, वर्षभर चुकवू नका.